निळीचा पंजा

गिरगावातल्या आमच्या वृद्धाश्रमात आयांनी हात धुतले का, हे मी मेट्रन असून कधी विचारत नाही. सकाळी त्यांच्या तळव्यांना कपड्यांची नीळ चोळते. साबणाने हात न धुता कोणी पेशंटला उचललं, की चादरीवर निळा पंजा उमटतो. मला आजवर कोणी फसवलेलं नाही.

आज बाहेरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा जात असताना पेशंट सुमतीबाईंच्या धुतलेल्या चादरीवर निळा पंजा दिसला.

सगळ्या आयांना रांगेत उभं केलं. सगळ्यांवर नजर राहावी म्हणून मी भिंतीला पाठ टेकली.

"हात दाखवा."

सगळे तळवे स्वच्छ होते.

"मग हा पंजा कोणाचा?"

"मेट्रनबाई," यशोदा हळूच म्हणाली, "तुमच्या खांद्यावर निळी बोटं उमटतायत. एकेक करून."