तिसऱ्या पिस्टनचं कण्हणं

रविवारच्या शर्यतीसाठी गाडीचा जोर वाढवायला मोठा टर्बो बसवावा की नायट्रस वायूची बाटली, मिहिरचं काही ठरेना. साकीनाक्याच्या गॅरेजात त्याने राजाराम मिस्त्रींसमोर इंजिन चालू ठेवलं आणि टर्बो नि बाटली दोन्ही पुढे करून विचारलं.

म्हाताऱ्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक धडधडत्या इंजिनाला टेकवलं, त्याची मूठ दातांत धरली आणि जात्यावरची ओवी ऐकावी तसे डोळे मिटले.

"तिसरा पिस्टन कण्हतोय रे. आणखी जोर मागशील तर फुटेल."

"काहीतरीच काय, काका! मस्त तर वाजतेय."

इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनवर केसाएवढी चीर होती.

मिहिरने त्यांचे पायच धरले. "काय कान आहेत, काका!"

मिस्त्री नुसतेच हसले. शेजारी उभी असलेली त्यांची लेक चेतना म्हणाली, "मला सांग, मी खुणेने सांगते. दहा वर्षं झाली, ढग गडगडले तरी बाबांना ऐकू येत नाही."