दोन खुंट्या, एक सूत

फळ्यासमोर उभ्या असलेल्या श्रावणला उत्तर येत होतं, आणि तीच त्याची पंचाईत होती.

फळ्यावर चार ओळी होत्या. ए मध्ये दहा. पी मध्ये ए चा पत्ता. पी मध्ये जे आहे तेच क्यू मध्ये. आणि शेवटी क्यू च्या आधी एक चांदणी, मग बरोबरचं चिन्ह आणि वीस. आता ए किती? या चांदणीने बारापैकी नऊजणांना आधीच आडवं केलं होतं. ए ला कोणी हातच लावलेला नाही, मग तो बदलेल कसा, असं म्हणत नऊजणांनी छातीठोकपणे दहा सांगितले होते. आर. बी. सरांनी नऊ नावांवर काट मारली होती. धरमपेठेतल्या त्या क्लासमध्ये कॉम्प्युटर होते दोन. ज्याला पॉइंटर, म्हणजे दुसऱ्याचा पत्ता धरून ठेवणारे हे पी आणि क्यू, समजावून सांगता येणार नाहीत त्याने महिनाभर मशीनवर बसायचं नाही, असा सरांचा कायदा होता. मशीन गेलं की परीक्षा गेली, आणि सत्याऐंशी साली परीक्षा गेली की नोकरीही गेली.

श्रावणने वीस सांगितले. सरांनी मान हलवली नाही. का, एवढंच विचारलं.

का ते श्रावणला रविवारी कळलं होतं. पुस्तकातून नव्हे, वडिलांच्या मागाशेजारी बसून, किनार विणली जाताना बघत. पण ते सांगायचं तर माग सांगावा लागणार. आणि माग त्याने आठ महिने लपवला होता. बाबूजींचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, असं त्याने पहिल्याच दिवशी ठोकून दिलं होतं. कोणी काही विचारलंही नव्हतं, उगाच आपली हौस. प्रत्यक्षात बाबूजी पाचपावलीच्या दोन खोल्यांत मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणत होते.

थाप सांभाळायला फार कष्ट पडतात. कोणी आपल्या घरी येऊ नये म्हणून तो कोणाच्या घरी जात नसे. गणपतीला बोलावलं तर पोट दुखे, सिनेमाला बोलावलं तर डोकं. डबा तो सायकल स्टँडमागे एकटा खात असे. फार एकटं वाटायचं त्याला. त्याला कोणी वाळीत टाकलं नव्हतं, तो स्वतःच जाऊन बसला होता.

त्याने पाठ केलेली इंग्रजी व्याख्या सुरू केली आणि दुसऱ्याच ओळीत अडकला. सरांचं पेन त्याच्या नावापाशी आलं.

"सर, मागावर खुंट्या राहतात," श्रावण म्हणाला. "खुंटीत सूत नसते. कोणतं सूत उचलायचं, तेवढंच ते दाखवते. दोन खुंट्या एकाच सुताले लावल्या, तर हिनं उचला का तिनं, वर येते तेच सूत. चांदणी म्हणजे उचलणं. क्यू नं उचललं, म्हणून ए बदलला."

मागच्या बाकावरून कोणीतरी खुदकन हसत विचारलं, तुझं तर दुकान होतं ना?

"दुकान नाही," श्रावण म्हणाला. "माझे बाबूजी कोष्टी आहेत."

आता नावावर काट बसणार, हे श्रावणने धरूनच ठेवलं होतं. आर. बी. सर म्हणजे कडक इस्त्रीचा शर्ट आणि रेडिओवरच्या बातम्यांसारखी मराठी. मुंबईहून आलेले. शंकरनगरात एका खोलीत एकटे राहायचे. चहा पिताना टपरीकडे पाठ करून उभे राहायचे. आडनाव तर सोडाच, त्यांचं नावही कोणाला माहीत नव्हतं. मोठा गर्विष्ठ माणूस, असं पोरांचं एकमत होतं.

सरांनी पेनाला टोपण लावलं. बाकीच्यांना चहाला पिटाळलं. वर्ग रिकामा झाल्यावर हातावरचा खडू झटकत ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग आठ महिन्यांत कोणी ऐकला नव्हता अशा आवाजात, थेट पाचपावलीच्या बोलीत त्यांनी विचारलं,

"तुमच्या गल्लीत पाजणीले अजून सारे उतरतात का गा?"

पाजणी म्हणजे ताण्याच्या, मागावरच्या उभ्या सुताला खळ लावणं. उन्हं वर यायच्या आत रस्ताभर सूत ताणायचं, आणि अख्ख्या गल्लीने दोन्ही बाजूंनी कुंचे फिरवत जायचं. खळ वाळायच्या आत काम उरकावं लागतं, म्हणून ते एकट्या घराचं काम नाही. एकाचा ताणा असला तरी सगळे येतात. कॉम्प्युटर शिकवणाऱ्या माणसाला हा शब्द ठाऊक असायचं काही कारण नव्हतं.

उतरतात, श्रावण म्हणाला. उद्या सकाळी आमचाच ताणा आहे.

सर खिडकीकडून वळले. त्यांनी विचारलं,

"मले एक कुंचा भेटन का?"