अंगण भरलं पाहिजे

"हे गाणं नको. ते चौथं लाव, संथ," सेउ इल्देफोंसो म्हणाले.

जुसाराने कपाळावर हात मारला. "अहो, ते ऐकून मला रडू फुटतं! लोकांना बोलवायचंय की पळवून लावायचंय? पहिलं लावू या ना. कसे पाय थिरकतात बघा."

"चौथंच."

फाटकापाशी भोंग्याची गाडी उभी होती. गाडी जुसाराच्या भावोजींची. त्यांचा पाय मोडला, म्हणून ती सान्तोस शहरातून बहिणीच्या मदतीला या आडगावात आली होती आणि पंधरा दिवस अंडी, गॅस आणि चपलांच्या सेलची जाहिरात करत गल्लीबोळ पालथे घालत होती. असल्या गाड्या सान्तोसलाही होत्या. गाडी चालवायची आणि ओरडायचं, यात शिकण्यासारखं काय आहे, असं तिचं म्हणणं.

पहिल्याच आठवड्यात तिला, गाव ज्यांना मानाने 'सेउ' म्हणे, त्या इल्देफोंसोंच्या खिडकीतून ही नवी रेकॉर्ड ऐकू आली. तिने गाडी भर रस्त्यात थांबवली. वर भोंग्यावर अंड्यांचा भाव चालूच राहिला आणि ही खाली फाटकाला धरून उभी. ऐंशीच्या घरातला माणूस, बोटं संधिवाताने वाकडी झालेली, आणि अकॉर्डियनमधून असं काही काढतो की आपण आपलं काम विसरावं! एकेकाळी या खोऱ्यातलं एकही लग्न त्यांच्याशिवाय लागत नसे. आता नव्या रेकॉर्डचे खोके पलंगाखाली धूळ खात पडले होते.

तेव्हापासून जुसाराला दुसरा विषय नव्हता. न्हाव्याच्या दुकानात तिने रेकॉर्ड लावली, तर ओदिलोन न्हाव्याने अर्ध्या गाण्यात फुटबॉल लावला. औषधाच्या दुकानवाल्या बाईने, दोना जर्सीनाने, तर चष्म्यावरून बघत विचारलं, "फोंसिन्यो? तो अजून वाजवतो? तुमच्या सान्तोसात वाजवणारी माणसं संपली का गं?" जूनच्या सणासाठी गावाने राजधानीतला धूर सोडणारा, दिवे फिरवणारा बँड ठरवला होता. त्यांच्या या फोंसिन्योला, म्हणजे सेउ इल्देफोंसोंना, साधं विचारलंही नव्हतं.

"उद्या लेक येतेय, ईवोनेची," म्हातारा म्हणाला. लेक साऊं पावलोला राहायची. "तिला शब्द दिलाय. आज माझं ऐकायला हे अंगण भरलं, तर मी इथंच राहणार. नाही भरलं, तर अकॉर्डियन विकायचा आणि गुपचूप तिच्या फ्लॅटवर जाऊन टीव्ही बघत बसायचं."

"भरेल हो!"

"नेपोमुसेनोकडे भरलं होतं. तू यायच्या आधी. काय लोटलं होतं गाव! खुर्च्या पुरल्या नाहीत."

"का? काय केलं होतं त्यांनी एवढं?"

"काही नाही. नुसता पडून होता."

जुसाराला राग आला. आळशी माणसांकडे गर्दी आणि या कलावंताकडे चिटपाखरूही नाही, हा कुठला न्याय?

"सांगा, काय बोलू? 'तीस वर्षांनी नवी रेकॉर्ड'पासून सुरू करते."

"रेकॉर्डचं नाव काढू नकोस. ऐकलं की माना फिरवतात. आधी गाणं वाजू दे. मग म्हण, इल्देफोंसो काव्हाल्कांती दे मोराइस, दिवंगत एमिलियानो आणि आन्ना रोजा यांचे चिरंजीव, ईवोनेचीचे वडील, सर्वांचे लाडके फोंसिन्यो. कुटुंबाची विनंती, स्नेह्यांनी आज चार वाजता राहत्या घरी यावं. एवढंच. आणि हळू चालव. अंड्यांसारखं किंचाळू नकोस."

जुन्या माणसांची जुनी ऐट, असं मनात म्हणत जुसारा निघाली.

पहिल्याच वळणावर चमत्कार झाला. ओदिलोनने टीव्ही बंद केला. तो दारात आला आणि टोपी काढून उभा राहिला. मिरवणुकीला वाट द्यावी तशी मोटरसायकली बाजूला झाल्या. बाजारात दुकानदारांनी दारं अर्धी ओढून घेतली. चार वाजता यायचं म्हणून आतापासूनच आवराआवर! जुसाराचा ऊर भरून आला. चौथ्या गाण्याने करून दाखवलं होतं. म्हातारा आपलं गाव ओळखून होता, आपणच मूर्ख.

ओदिलोन गाडीच्या खिडकीपाशी आला. त्याचे डोळे ओले होते.

"असा हात पुन्हा नाही व्हायचा, पोरी."

"पंधरा दिवस मी दुसरं काय सांगतेय!" जुसारा म्हणाली. "या चारला. सगळ्यांना घेऊन या."

लोक चारच्या आधीच आले. ठेवणीतले गडद कपडे घालून, कॉफीचे थर्मास, मक्याचा केक, घरच्या खुर्च्या घेऊन आले. कोणी गडबड करत नव्हतं. अंगण भरलं, फाटकाबाहेर रस्ता भरला. कोपऱ्यात तीन बायका एकमेकींना धरून फोंसिन्योने आपल्या लग्नात काय काय वाजवलं होतं ते आठवत होत्या.

जुसारा धावत आत गेली. मधलं दार लावून सेउ इल्देफोंसो बसले होते. अंगात पांढरा सूट, मांडीवर अकॉर्डियन.

"किती आलेत?"

"रस्त्यापर्यंत गर्दी आहे! मी सांगत नव्हते?"

"रडतंय का कोणी?"

"हो, हो! आणि तुम्ही अजून सूरही काढला नाहीत!"

म्हाताऱ्याने समाधानाने पट्टे खांद्यावर चढवले. "मग आता आत घे त्यांना."

जुसाराने पुढचं दार सताड उघडलं. पायरीवर सगळ्यात पुढे दोना जर्सीना होती, हातात पांढऱ्या फुलांचा मोठा गुच्छ. तिने जुसाराचा हात घट्ट धरला आणि तिच्या खांद्यावरून आत बघत हलक्या आवाजात विचारलं, "शवपेटी कुठल्या खोलीत ठेवलीय गं? नेपोमुसेनोची तर ओसरीवरच होती."