किंमत ठरवायला आलेल्या बाई

ॲल्विनने सकाळपासून घर कुरूप करायला घेतलं होतं. बैठकीच्या खोलीत सायकल आणून टेकवली, हीटरवर ओले मोजे पसरले, आधीच्या लोकांचे तपकिरी पडदे माळ्यावरून काढून वरच्या खोलीत पुन्हा टांगले. गॅसवर कोबी उकळत होता. तो खायचा नव्हता.

"पाहुणे यायचे म्हटल्यावर लोक घर आवरतात," पॉलेट म्हणाली.

"ती पाहुणी नाही. किंमत ठरवायला येतेय."

इंग्लंडमधल्या वॉल्सॉलच्या कालव्याकाठचं ते घर निम्मं त्यांचं, निम्मं गृहसंस्थेचं. संस्थेच्या निम्म्याचं भाडं भरत त्यांची नऊ वर्षं गेली होती. ॲल्विन बस चालवायचा. रविवारच्या जादा पाळ्या करून आता तो उरलेला हिस्साही घ्यायला निघाला होता. घराची किंमत आज जास्त लागली, तर आणखी किती रविवार जातील, देव जाणे.

"तू तोंड उघडू नकोस," त्याने बायकोला बजावलं. "घराचं कौतुक केल्याशिवाय तुला राहवत नाही."

सर्व्हेअर मिस पेंडल वेळेवर आल्या. त्यांना सर्दी झाली होती. कोबी वाया गेला.

खोल्या मोजत त्या फोनमध्ये पुटपुटत होत्या. "भिंतीला ओल." ॲल्विनने दुःखाने मान हलवली. "जिना अरुंद." "फारच," तो म्हणाला. पॉलेट ओठ घट्ट मिटून भांडी घासत राहिली.

वर, मागच्या खोलीच्या दारातूनच बाई परत वळल्या. "अंधारी. अडगळ ठेवायला ठीक."

ॲल्विन दारातच अडून राहिला.

"अंधारी कुठे आहे?"

"दिसतंय ना."

"ते पडद्यामुळे." त्याने पडदा असा ओढला, की दांडीसकट खाली आला. खोलीभर ऊन पसरलं. खिडकीखाली कालवा, पलीकडच्या काठावर एक बगळा. "माझी पोरगी इथे बसून अभ्यास करून नर्स झाली. आणि हा रोज सकाळी येऊन असा उभा राहतो."

"बगळ्याची किंमत मला धरता येत नाही."

"धरू नका. पण बघा तरी."

बाईंनी बघितलं. मग ॲल्विनने त्यांना स्वतः बसवलेली लाकडी जमीन दाखवली, जिन्याखालचं कपाट उघडून दाखवलं, आणि भिंतीशी आल्यावर म्हणाला, "ही ओल नाही. सकाळी मीच पाणी मारलंय." स्वयंपाकघरातून पॉलेटने दोनदा झाकण आपटलं. त्याला ऐकू गेलं नाही.

निघताना बाई दारात थांबल्या. "मिस्टर ग्रँट, किंमत जितकी जास्त, तितके पैसे तुम्हालाच भरायचे आहेत. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

तो त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. तिथे त्याने एकदा मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"पण चांगली लागेल ना?"

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती. उत्तर ऐकायला पॉलेटने नळ बंद केला.