चौतीस अंशांवर ध्रुव नाही

अंधार पडल्यावर मृदुलानं सहलवाल्यांनी दिलेला बर्फाच्या लकाकीसाठीचा चष्मा काढला, तसे समोरचे पांढरे डोंगर नाहीसे झाले. गाईड धावतच आला.

“मॅडम, चष्मा काढू नका. बर्फाची लकाकी अंधारातही बाधते.”

अंधारात कसली लकाकी? लेहच्या उंचीवर दिवसभर हिंडूनही तिच्या नवऱ्याला, दिनकररावांना, एकदाही धाप लागली नव्हती, हेच तिला खटकत होतं. बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना उंचीवर जायला साफ मनाई केली होती.

“धाप नाही, काही नाही! डॉक्टरला काय कळतंय!” दिनकरराव मागून खुशीत म्हणाले. “ठणठणीत आहे मी. गोळ्या दुपारीच फेकून दिल्या. आता पुढच्या महिन्यात एव्हरेस्टचा बेस कॅम्प!”

कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं मृदुलाचं छोटं यंत्र आधी ध्रुवताऱ्यावर रोखावं लागे. गावाचा अक्षांश जितका, तितकाच ध्रुव क्षितिजाच्या वर. लेहसाठी तिनं चौतीस अंश लावले आणि यंत्रातल्या दुर्बिणीला डोळा लावला. तिथे ध्रुव नव्हता.

“प्रवासात बिघडलं असेल,” गाईड घाईनं म्हणाला.

स्क्रू सैल करून ती यंत्र हळूहळू खाली झुकवत गेली. अठरा अंशांच्याही जरा खाली ध्रुव मधोमध येऊन बसला. साताऱ्यात घराच्या गच्चीवर ती स्क्रू नेमका इथेच आवळत असे.

तिनं फोनवर सहलवाल्यांनी टाकून दिलेला नकाशा पाहिला. त्यावर अजून लेहच दिसत होतं.

“अहो,” ती म्हणाली, “गोळ्या कुठे फेकल्यात?”