रविवारची सुट्टी

साहेबांनी ती बाटली दोन बोटांत धरून उचलली, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा तशी.

"हे काय आहे?"

"साखर, यीस्ट आणि पाणी," मास्तर म्हणाले. "आंबलं की गॅस होतो. नळीनं टाकीत जातो. झाडांना पुरतो तेवढा."

मास्तर म्हणजे साहेबांचे साडू, शाळेत चित्रकला शिकवणारे. साहेब पाणीपुरवठ्यातून मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झालेले. घरचे त्यांना साहेब म्हणत ते आदरानं की कंटाळून, हे विचारण्याची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

दोघांकडेही माशांच्या टाक्या होत्या, आत खरी झाडं लावलेल्या. पण कुठे साहेबांची टाकी आणि कुठे ही. मागे नुसती गर्दी, पुढे एकदम टक्कल. अर्धी हजामत करून न्हाव्यानं उठवून लावलेल्या गिऱ्हाइकासारखी. शेजारी गंज चढलेली कात्री पडलेली. साहेबांची कात्री अजून खोक्यात कोरी होती. शिस्त असली की कात्री लागत नाही, असं ते चारचौघांत सांगत.

मास्तरांनी सहज विचारलं होतं, की बाटली कधी कधी मध्येच थंडावते, दुसरं काही घ्यावं का. साहेबांना तेवढं पुरलं. ते मापनपट्टी घेऊन बायकोसकट दाखल झाले.

सायट्रिक अ‍ॅसिड आणि खायच्या सोड्याचा संच त्यांनी 'शाळेच्या प्रदर्शनातला खेळ' म्हणून निकालात काढला. गॅसच्या, वापरून फेकायच्या छोट्या डब्यांना ते हसले. राहिला कार्बन डायऑक्साइडचा मोठा सिलिंडर. दाबमापक, बारीक व्हॉल्व्ह, बुडबुडे मोजायची काचेची नळी, आपोआप चालू-बंद करणारं घड्याळ.

"हा व्हॉल्व्ह रोज फिरवायचा," साहेब म्हणाले. "झाडांचा चेहरा बघून. आज थोडा जास्त, उद्या थोडा कमी. लगाम आपल्या हातात हवा."

"रोज?"

"रोज. आणि रविवारी पूर्ण बंद. टाकीवर चादर टाकायची आणि बघायचंसुद्धा नाही."

हा साहेबांचा स्वतःचा शोध होता. शनिवारपर्यंत त्यांची झाडं मलूल व्हायची, कडा काळ्या पडायच्या. रविवारी ते गॅस बंद करून दिवसभर मत्स्यपालकांच्या क्लबात बसायचे. सोमवारी चादर काढली की टाकी नवी नवरी. माणसाला सुट्टी लागते तशी झाडालाही लागते, यावर त्यांनी क्लबात भाषणं दिली होती. त्याच जोरावर दोन वर्षं कप आणला होता. यंदा तिसऱ्यांदा मिळाला की ते क्लबाचे कायमचे परीक्षक होणार होते. त्या खुर्चीपलीकडे आता त्यांना काही नको होतं. परीक्षक महिन्याभरानं, सोमवारी सकाळी, घरी यायचे होते.

"राहू दे ना त्यांची बाटली," साहेबांची बायको मध्येच म्हणाली. "चाललंय ते बरं चाललंय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. हिला गॅस म्हणजे फक्त स्वयंपाकाचा ठाऊक.

"तू आधी आपल्या साखरेचं बघ. माझा चहा बिनसाखरेचा, तू घेतेस अर्धा चमचा, आणि डबा आठवड्यात रिकामा. जाते कुठे?"

बायकोची धाकटी बहीण, म्हणजे मास्तरांची बायको, फरशीकडे बघू लागली. दोघी बहिणी सारख्याच मठ्ठ, असं साहेबांचं जुनं मत होतं.

त्यांनी बाटली मोरीत उपडी केली. आंबूस वास घरभर सुटला. धाकटी "भाऊजी, थांबा" म्हणाली, पण तोवर बाटली रिकामी झाली होती. मोठ्या साडूला नाही म्हणणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. सिलिंडर आला आणि साहेबांनी तो स्वतः बसवला.

पुढच्या आठवड्यात मास्तरांचा फोन आला, पानं काळी पडताहेत. साहेबांनी व्हॉल्व्ह वाढवायला सांगितलं. मग फोन आला, पानं गळताहेत. साहेबांनी कमी करायला सांगितलं आणि फोन ठेवून बायकोला म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

बायको तेव्हा नुसती खिडकीबाहेर बघत होती. अलीकडे तिचं कशातच लक्ष नव्हतं. एकदा तर तिनं विचारलं, यंदा स्पर्धेत नाही उतरलं तर नाही का चालणार? साहेबांनी तिसऱ्या कपासाठी फळीवर जागा केली.

त्यांच्याही टाकीला सोमवारची कळा पहिल्यासारखी येत नव्हती, पण त्यांनी ते गॅसवाल्याच्या भेसळीवर ढकललं. शेवटच्या शनिवारी टाकी कधी नव्हे इतकी काळवंडली, पण सुट्टी तिला ताळ्यावर आणेल याची त्यांना खात्री होती. रविवारी ते क्लबात गेले, परीक्षकांसमोरच सुट्टीच्या पद्धतीवर तासभर बोलले आणि शीळ घालत घरी आले. साखरेचा डबा काठोकाठ भरलेला होता. बायकोला अखेर वळण लागलं म्हणायचं.

सोमवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि चादर ओढली.

आत काळा चिखल होता. देठ कुजून आडवे पडलेले, काचेवर बुळबुळीत थर, आणि त्यातून वाट काढणारे मासे. बाहेर गाडीची दारं लागल्याचा आवाज आला.

"काल टाकीला हात कोणी लावला?" साहेब ओरडले.

"काल कुणीच नाही लावला," बायको दाराकडे जाता जाता म्हणाली. "दर रविवारी धाकटीकडून आणून लावायची मी, पण आता तिच्याकडे द्यायला झाडंच उरली नाहीत. तुमचा सिलिंडर बसल्यापासून तिच्याकडेही ती आपल्याकडच्यासारखीच मरतात."