काचेवरची रेघ

"तीन झेरॉक्स काढा, आणि जरा लवकर," म्हणत नर्सबाईंनी फाइल काउंटरवर ठेवली. "पाचच्या आत तक्रार पोचली नाही, तर ते चार लाख माझ्याच गळ्यात."

झेरॉक्सवाल्याला सगळं ठाऊक होतं. गल्लीत कुणाला नव्हतं? बाईंच्या नावावर कुणी भामटा कर्ज काढून पसार झाला होता. वसुलीवाले दिवसाआड दारात येऊन उभे राहत. तीस वर्षं रात्रपाळ्या केलेली ही खमकी बाई आता साधी बेल वाजली तरी दचकायची. कोपऱ्यावरच्या नव्या दुकानात निम्म्या पैशात काम होत असताना त्या इथवर आल्या, याचं त्याला बरं वाटलं.

"पण कायदा तुमच्या बाजूने आहे ना?" त्याने विचारलं.

"आहे की. ओळखपत्राची प्रत मी दिली नव्हती, ती परस्पर गेली, एवढं दाखवलं की वसुली बंद. तक्रार घेणारे साहेब म्हणतात, दाखवा. आता चोर काय पावती देऊन जातो?"

त्याने हसत पहिला कागद उचलला आणि त्याचं हसू तिथंच विरलं. भामट्याने कर्जाच्या अर्जाला जोडलेली हीच ती प्रत. कायद्यानं द्यावीच लागते, म्हणून कर्ज कंपनीने ती बाईंना पाठवली होती. तिरकी आलेली, खालचा कोपरा कापला गेलेला. आणि बाईंच्या फोटोवर कपाळापासून हनुवटीपर्यंत एक बारीक काळी रेघ, टोकाला जराशी वळलेली.

ती रेघ त्याच्याच मशीनच्या काचेवरची होती. वर्षभर तो ती रोज बघत होता.

त्याला तो दिवसही आठवला. पेन्शनच्या कामासाठी बाई आल्या होत्या. पहिली प्रत तिरकी आली, म्हणून त्याने ती बाजूला टाकून दोन चांगल्या काढून दिल्या. वाया गेलेली प्रत गिऱ्हाइकासमोर फाडायची, हा परवान्यातला नियम. पण पाठकोरा कागद फाडायला याचा जीव होईल तर शपथ. असले गठ्ठे तो महिन्याच्या महिन्याला रद्दीत घालायचा. चार पैसे सुटायचे.

"काच बदलू का?" मशीनशेजारी बसलेल्या मिस्त्रीने नव्या काचेचं वेष्टन सोडत विचारलं. "दहा मिनिटांचं काम. मग बाईंनाही स्वच्छ प्रती मिळतील."

जुनी काच भंगारात गेली की ती रेघ कुठली, हे कुणाच्या बापालाही सांगता आलं नसतं. आणि तोंड उघडलं, तर वीस वर्षांच्या दुकानाचा परवाना जाणार. वर दंड. घड्याळात साडेतीन झाले होते. बाई रुमालाने मान पुसत शांत उभ्या होत्या.

"काच राहू दे," तो मिस्त्रीला म्हणाला. "नवी परत घेऊन जा."

मिस्त्री त्याच्याकडे बघतच राहिला.

"बाई, तुमचा कागद इथूनच गेला." त्याने झाकण उघडून काच दाखवली. तिरकी प्रत, गठ्ठे, रद्दी, सगळं भडाभडा सांगून टाकलं. साहेबांपुढेही हेच सांगेन म्हणाला. मान वर करायची मात्र हिंमत होईना.

बाईंनी पिशवीतून तक्रारीचा अर्ज काढून त्याच्यापुढे ठेवला. सगळे रकाने भरलेले होते, एक सोडून. कागद कुठून गेला असावा?

"चांगल्या दोनातली एक प्रत घरी पडून होती. तिच्यावरही हीच रेघ आहे, परवाच ताडून पाहिली," असं म्हणून बाईंनी पेन पुढं केलं. "एवढी जागा मुद्दाम कोरी ठेवलीय. दुकानाचं नाव तुमच्या हातानं लिहा."